केरीचे पठार आणि चीनचे पोलाद

आमच्या कोल्हापुरात फोंडा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फोंडाघाट उभा राहतो. मी म्हणतो तो फोंडा गोव्याचा. मंगेशीचा, कवळ्याच्या शांतादुर्गेचा, म्हार्दोळच्या म्हाळसेचा. गेली पंधरा-सोळा वर्षे गाण्याच्या परीक्षांसाठी आणि सुटीतल्या वर्गासाठी मी तेथे जातो. गाण्याच्या मास्तराने व्यापार-उदिमावर लिहावे काय, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर एवढेच की, माझे वडील दरबारी गवई होते आणि गुळाचा भाव त्यांना नेहमी तोंडपाठ असे. संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम विशीचे. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. दरबार गेल्यावर शाहूपुरीतल्या गूळ-व्यापाऱ्यांच्या गणपतीत आणि लग्नकार्यांत गाऊन त्यांनी घर चालविले. भाव चढला तर बैठकी चार, उतरला तर एक. हा हिशेब आमच्या घरात सुरांच्या आधी शिकवला गेला.

शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली १८९५ साली, आणि त्याच सुमारास अल्लादियाखांसाहेब कोल्हापूर दरबारी आले. या दोन गोष्टी एकत्र सांगण्याची आपल्याकडे चाल नाही. एक इतिहासाच्या पुस्तकात असते, दुसरी संगीताच्या. पण खजिना एकच होता.

असो. गोव्याकडे वळतो.

मी पहिल्यांदा फोंड्यास गेलो ते २००९ साली. उसगाव-तिस्ककडून खांडेपारच्या दिशेने येताना रस्त्यावर ट्रकांची जी माळ लागली, ती संपेचना. रस्त्याकाठची झाडे, घरांची कौले, दुकानांच्या पाट्या, सारे तांबड्या धुळीने माखलेले. फोंडा तालुक्यात खुद्द खाणी थोड्या. त्या मुख्यतः डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या. पण ट्रक दुरुस्त होत ते फोंड्याच्या गॅरेजांत, कर्ज मिळे ते फोंड्याच्या बँकांत आणि दागिने घडत तेही फोंड्याच्याच सराफांकडे. माझ्या वर्गात त्या वर्षी मुलांची एवढी गर्दी झाली की दोन तुकड्या कराव्या लागल्या. एका विद्यार्थ्याचे वडील चार ट्रकांचे मालक होते. २०११मध्ये त्यांनी वर्गाला मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी भेट दिली. माझा मेहनतानाही दोन वर्षांत दुप्पट झाला. तो मी घेतला, आणि कुठून आला हे विचारले नाही. वडिलांनी विचारले असते.

तो पैसा येत होता चीनमधून.

चीनने १९७८नंतर आपल्या अर्थव्यवस्थेची दारे हळूहळू उघडली, हे आता सर्वांस ठाऊक आहे. प्रथम शेतकऱ्याला आपल्या पिकावर हक्क मिळाला, मग किनाऱ्यावरच्या शहरांत परकी भांडवलाला वाव मिळाला, आणि २००१च्या डिसेंबरात तो देश जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. त्यानंतर जे घडले त्याला तोड नाही. २००० साली चीनचे पोलाद-उत्पादन सुमारे १३ कोटी टन होते. २०२० साली ते १०० कोटी टनांच्या पलीकडे गेले. खेड्यांतून कोट्यवधी माणसे शहरात आली. त्यांना घरे हवी होती, घरांना सळ्या हव्या होत्या, सळ्यांना लोखंड हवे होते. २००८ साली जगात मंदी आली, तेव्हा चिनी सरकारने ४ लाख कोटी युआनची कामे काढली. रस्ते, पूल, रेल्वे. म्हणजे बाकीचे जग हात आखडत असताना लोहखनिजाची भूक वाढतच गेली.

गोव्याच्या खनिजाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे आणि ती समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. गोव्याची माती लोखंडाने श्रीमंत दिसते, पण जगाच्या बाजारात ती दुय्यम प्रतीची. बाजारात भाव बोलला जातो तो १०० भागांत ६२ भाग लोह असलेल्या मालाचा. गोव्याचा बराचसा माल त्याच्या पुष्कळ खाली. आपल्या देशातील कारखान्यांना तो नकोच असे. म्हणून तो पहिल्यापासून परदेशी जात आला. पोर्तुगीज अमदानीत, १९५० नंतर, युद्धातून सावरणाऱ्या जपानने तो उचलला. भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली त्याच दशकात गोव्याची मातीची जहाजे जपानकडे चालली होती, आणि परतीच्या पैशातून परदेशी घड्याळे नि कापड गोव्यात उतरत होते. जुन्या कोल्हापूरकर घरांतून ‘गोव्याचा माल’ हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जाई, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९६१नंतरही गोव्याच्या खाणमालकांस थेट निर्यातीची मोकळीक राहिली. देशातल्या इतरांचे खनिज बरीच वर्षे सरकारी महामंडळामार्फत जाई.

जपानी कारखानदार चोखंदळ. खनिज धुऊन, चाळून, प्रत राखून द्यावे लागे. जे हलके निघे ते खाणीच्या कडेला डोंगरासारखे रचून ठेवले जाई. अशा टाकाऊ ढिगांच्या टेकड्या डिचोलीच्या बाजूस कित्येक वर्षे उभ्या होत्या. त्यांच्यावर गवत उगवले होते. चीनला घाई होती. त्याच्या कारखान्यांनी हा हलका मालही चांगल्या मालात मिसळून वापरावयास घेतला. म्हणजे ज्यास कोणी विचारीत नव्हते, त्या कचऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. खाण खोदण्याचा खर्चही नाही. ढीग उपसायचा, ट्रकात भरायचा, मांडवीच्या धक्क्यावर न्यायचा, बार्जमध्ये ओतायचा आणि मुरगावच्या मोठ्या जहाजावर चढवायचा. नव्वदीच्या दशकात गोव्यातून वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास माल जाई. २०१०-११ साली, शेजारच्या कर्नाटकातून आलेला माल धरून, तो साडेपाच कोटी टनांच्या घरात गेला. एकेकाळी टनाला पंचवीस-तीस डॉलर हा भाव चांगला समजत. २०११च्या आरंभी उत्तम प्रतीच्या मालाचा भाव १९० डॉलरांच्या आसपास होता.

यात सरकारच्या पदरी काय पडे? २००९च्या ऑगस्टपर्यंत स्वामित्वशुल्क टनामागे ठरावीक रुपयांत घेतले जाई, आणि ते रुपये किरकोळ होते. बाहेर भाव पाचपट झाला तरी शुल्क तेवढेच. त्यानंतर ते किंमतीच्या शेकडा १० झाले, २०१४मध्ये शेकडा १५. म्हणजे तेजीची पहिली पाच-सहा वर्षे ज्या जमिनीतून माल निघाला, त्या जमिनीचा धनी म्हणविणाऱ्या जनतेला हातावर चार दाणे मिळाले. अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचलेल्या माणसालाही हे पटावे.

आता मला ज्या गोष्टीने कोड्यात टाकले ती सांगतो. फोंडा तालुक्यातच केरी हे गाव आहे. संगीताच्या वाचकास ते केसरबाईंचे गाव म्हणून ठाऊक. बाईंचा जन्म येथे १८९२ साली झाला. याच गावाने चीनच्या तेजीच्या आधी काही वर्षे, १९९५ साली, एका प्रचंड कारखान्याला परत पाठविले.

तो कारखाना नायलॉन ६,६चा. टायरमध्ये घालावयाच्या धाग्याचा. आपल्याकडील थापर आणि अमेरिकेची ड्यूपॉन्ट कंपनी यांनी मिळून काढलेला. योजना ऐंशीच्या दशकातली. १९९१च्या जुलैत देशाने आर्थिक धोरण बदलले आणि परकी भांडवलास पायघड्या घालण्याचे दिवस आले, तेव्हा तिला जोर चढला. जागा ठरली केरीचे भूतखांब पठार. कागदावर पठार ओसाड दिसते. कातळ, खुरटे गवत, एखादे काजूचे झाड. मुंबई-दिल्लीच्या अधिकाऱ्याला त्यात गमावण्यासारखे काही दिसले नाही, यात त्याचाही फारसा दोष नाही.

पण पठाराच्या कुशीत काय आहे ते केरी-सावईच्या माणसाला विचारावे. पावसाचे पाणी त्या कातळाच्या भेगांतून मुरते आणि खाली उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्या झऱ्यांवर कुळागरे उभी आहेत. पोफळी, माड, त्यांच्या खोडांवर चढलेली मिरवेल, खाली केळी, अननस, हळद. वर्षभर पाट वाहतो. पाट कोणाच्या वाफ्यात कोणत्या वेळी सोडावयाचा, हे पिढ्यांचे ठरलेले. भोपाळची रात्र १९८४ची. दहा वर्षे हा काही मोठा काळ नव्हे. वर रसायनांचा कारखाना आणि खाली पिण्याचा झरा, हे गणित गावकऱ्यांना सोडवता आले. सावई-वेऱ्याचे डॉक्टर दत्ताराम देसाई यांच्यासारखी माणसे पुढे झाली. १९९५च्या जानेवारीत पोलिसांची गोळी चालली आणि नीलेश नाईक हा तरुण गेला. त्यानंतर ती कंपनी केरीत राहिली नाही; कारखाना तामिळनाडूत, चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीस उभा राहिला.

त्या वेळी ‘गोव्याचे नुकसान झाले’ असे पुष्कळांनी म्हटले. आजही म्हणणारे भेटतात. नोकऱ्या गेल्या हे खरेच आहे. तामिळनाडूत तो चालला, मग येथे का नको, हाही प्रश्न फेटाळण्यासारखा नाही. उसगावचा टायरांचा कारखाना फोंड्याच्या कितीतरी घरांत पगार नेतो, बेतोडा-कुंडईच्या औद्योगिक वसाहती आहेत. म्हणजे फोंडेकर कारखान्याचा शत्रू नाही.

माझे कोडे असे: ज्या तालुक्यातल्या माणसांनी पठारावरच्या कारखान्याला प्राण देऊन अडविले, त्याच मुलुखातल्या माणसांनी दहा वर्षांत शेजारचे डोंगर उपसून चीनला जाताना का पाहिले? पाण्याचा प्रश्न तेथेही होता. खाणीचा खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की भोवतालच्या विहिरी आटतात, पावसाळ्यात ढिगांची माती शेतात उतरते. खांडेपारच्या नदीकाठी ओपाचा पाणीप्रकल्प आहे. पणजीपर्यंत तेथूनच पाणी जाते. नदी तांबडी होताना सर्वांनी पाहिली.

मी हे कोडे वर्गाला तानपुरे देणाऱ्या त्या ट्रकमालकांना विचारले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बुवा, केरीचा कारखाना दुसऱ्याचा होता. ट्रक माझा होता.”

मला वाटते, सारे मर्म यातच आहे. नायलॉनचा कारखाना आला असता तर कंपनीने काही शे माणसांस नोकरी दिली असती. मालकी सारी कंपनीची. गावाला त्यातून दूर उभे राहून हिशेब करता आला. खनिजाचे तसे नव्हते. खाण चार-सहा घराण्यांची, पण वाहतूक हजारो घरांची. कर्ज काढून एक ट्रक घ्यावा, दोन हंगामांत त्यावर दुसरा घ्यावा. भावाचे गॅरेज, मेहुण्याची खानावळ, शेजाऱ्याची बार्जवर नोकरी. प्रत्येकजण थोडाथोडा भागीदार झाला, आणि भागीदाराला ‘नको’ म्हणता येत नाही. शिवाय केरीत एक नवी गोष्ट येत होती, तिला उंबरठ्यावर थांबवता आले. खाणी पोर्तुगीज काळापासून होत्याच. एक कोटीचे दीड, दीडाचे तीन, तीनाचे साडेपाच; यातल्या कोणत्या वर्षी कोणी दारात आडवे व्हावयाचे? लय हळूहळू चढत जाते तेव्हा श्रोत्याला कळत नाही, वाजवणाऱ्याचे मनगट दुखू लागते तेव्हा कळते.

थांबविले ते शेवटी दिल्लीने. शहा आयोगाचा अहवाल आला. सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा त्याने मांडला. तो आकडा फुगवलेला आहे असे खाणवाले म्हणतात, कमी आहे असे पर्यावरणवाले म्हणतात. २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारने काम स्थगित केले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४च्या निकालात असे निघाले की, खाणींचे पट्टे २००७च्या नोव्हेंबरातच संपले होते. म्हणजे तेजीची सगळ्यांत भरभराटीची पाच वर्षे कायद्याच्या दृष्टीने पट्ट्यावाचूनच गेली. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून काम पुन्हा सुरू करावयास वाट दिली गेली. सरकारने ८८ पट्ट्यांचे घाईघाईने नूतनीकरण केले. ते न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये रद्द केले आणि मार्चात पुन्हा सारे ठप्प झाले.

फोंड्याच्या बाजारात आजही ऐकू येते की, न्यायालयाने गोव्याच्या पोटावर पाय दिला. यात माणसाचे दुःख आहे, पण हिशेब पुरा नाही. बंदी आली त्याच महिन्यांत चीनचा भाव ९० डॉलरांच्या खाली घसरून आला होता. पुढे तो सावरला, पण २०१५च्या अखेरीस ४० डॉलरांखाली गेला. ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील यांनी तेजीच्या काळात प्रचंड खाणी काढल्या होत्या, त्यांचा उत्तम माल बाजारात लोटला. भाव पडला की पहिला मार हलक्या मालाला बसतो. चांगला स्वस्तात मिळत असताना हलका कोण घेईल? ज्या ढिगांना चीनच्या घाईने सोन्याचा भाव दिला, ते ढीग पुन्हा मातीचेच झाले असते. त्यातच आपल्या केंद्र सरकारने निर्यातीवरील जकात २०११मध्ये एकाच वर्षात प्रथम शेकडा २०, मग ३० केली. पुढे हलक्या मालावरची काढली. २०२२च्या मेमध्ये एकदम ५० केली आणि नोव्हेंबरात परत फिरविली. ट्रकाचे कर्ज पाच वर्षांचे, आणि दिल्लीचे धोरण सहा महिन्यांचे. या ओढाताणीत ज्याने काही गुन्हा केला नाही असा ट्रकवाला सापडला, हे मात्र नाकारता येणार नाही. मोठ्यांनी आपला नफा बांधून ठेवला होता.

आमच्या तानपुरेवाल्यांचे चारांपैकी तीन ट्रक २०१४पर्यंत गेले. मुलगा चांगला गात होता. भूपाचा विस्तार तो वयाच्या मानाने फार समजून करी. त्याने गाणे सोडले आणि मडगावात एका दुकानी लागला. माझ्या दोन तुकड्यांची एक झाली, पुढे तीही अर्धी. त्या काळात गोव्यातील एका संस्थेने ठरवून घेतलेल्या कार्यक्रमाचे माझे मानधन अद्याप यावयाचे आहे. मी त्याची आठवण करून देण्याचे सोडले आहे.

गाण्याचा पोशिंदा म्हणून व्यापार आला की असे होणारच, असे कोणी म्हणेल. फोंड्याचा इतिहास त्याबाबत बोलका आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने तिसवाडी-साष्टीतले देव खाडी ओलांडून येथे आले. कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ आज उभे आहे ते १७३८च्या सुमारास, साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला १७६३ साली. देवळांना इनामे होती, आणि देवळांच्या सेवेशी बांधलेली कलावंत घराणी होती. त्या घराण्यांतल्या मुलींनी गाणे जपले. त्याचा मान त्यांना त्या काळी कितपत मिळाला, हे आज अभिमानाने त्यांची नावे घेणाऱ्यांनी जरा आठवावे. केसरबाई आठ वर्षांच्या असताना आमच्या कोल्हापुरास अब्दुल करीमखांकडे शिकावयास आल्या, पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे आणि अखेर मुंबईत अल्लादियाखांकडे. मोगूबाई कुर्डीकर गेल्या, मंगेशीचे दीनानाथ गेले, मंगेशीचेच अभिषेकीबुवा गेले. म्हणजे खनिजाच्या आधी या मुलुखाची निर्यात आवाजाची होती. त्या निर्यातीचाही भाव मुंबईत ठरला. केसरबाईंची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली अमेरिकन यानातून अंतराळात गेली, तिच्यावर अर्थात कोणतीही जकात नव्हती.

मुंबईच्या शेटजींचा तो पैसा तरी कुठला? त्याची मुळे पुन्हा व्यापाराच्याच तेजीत सापडतात. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, बँका नि शेअर कंपन्या रोज नव्या निघाल्या. १८६५त युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर रस्त्यावर आले. तरी त्यांनी तेजीत दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला, समुद्र हटवून काढलेली जमीन राहिली, आणि गिरण्या वाढल्या. दूरच्या देशातल्या घडामोडीने आलेला पैसा दूरच्याच घडामोडीने जातो. त्यावर आपला ताबा नाही. मधल्या चार-पाच वर्षांत आपण तो कशात घातला, एवढेच आपले.

या दृष्टीने पाहता गोव्याच्या तेजीने मागे काय ठेवले? पाण्याने भरलेले खड्डे पुष्कळ. बंगले काही. खाणमालकांनी शाळा-महाविद्यालये काढली, दयानंद बांदोडकरांसारखा खाणमालक स्वतः पहिला मुख्यमंत्री झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत कला अकादमीची पायाभरणी झाली. पण ही सारी जपानच्या काळातल्या, बेताच्या व्यापाराची कमाई आहे. चीनच्या पुरातले तसे काही मला फोंड्यात दाखवता येत नाही. एक तानपुऱ्यांची जोडी आहे.

एक गोष्ट मात्र झाली आणि तिच्याकडे आपल्या वर्तमानपत्रांचे फारसे लक्ष नाही. २०१४च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले की, खनिजाच्या विक्रीतला शेकडा १० वाटा एका कायम निधीत टाकावा. आज खोदणाऱ्यांनी उद्या जन्मणाऱ्यांसाठी. नॉर्वेने आपल्या तेलाच्या पैशाचे असेच केले आणि त्या निधीतून आज तो देश जगभर भागीदार आहे. गोव्याचा निधी त्याच्यापुढे चिमूटभर. तरी कल्पना मुळातच योग्य आहे: खनिज हे उत्पन्न नव्हे, ते भांडवल आहे, विकले तर घरातली वस्तू विकल्यासारखे ते धरावे. आमच्या वडिलांनी दरबारातून मिळालेले कडे एकदाच मोडले, आणि त्या पैशाचे धान्य न आणता धाकट्या आत्याची शाळेची फी भरली. फरक एवढाच.

आता खाणी पुन्हा सुरू होत आहेत. जुन्या घराण्यांचे पट्टे गेले, लिलाव आले. डिसेंबर २०२२मध्ये पहिले चार गट लिलावात निघाले आणि २०२४ साली डिचोलीचा गट सुरू झाला. पुढचेही गट निघाले आहेत. लिलावामुळे सरकारचा वाटा वाढला, हे निःसंशय चांगले. पण गिऱ्हाईक कोण? अजूनही मुख्यतः चीनच. आणि तो चीन आता वीस वर्षांपूर्वीचा नाही. तेथील घरबांधणीचा फुगा फुटला; २०२१मध्ये एव्हरग्रँड ही तिथली बलाढ्य बांधकाम कंपनी देणी चुकवू शकली नाही. खेड्यातून शहरात येणारा माणूस एकदाच येतो, त्याचे घर एकदाच बांधले जाते. शंभर कोटी टन पोलादाची भूक वाढण्याऐवजी आता उतरणीस लागेल, असे मानावयास जागा आहे. तशा वेळी हलक्या मालाच्या भरवशावर पुन्हा हजारो कर्जाचे ट्रक रस्त्यावर आणणे मला शहाणपणाचे वाटत नाही. खाणी अजिबात नकोत असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. थोड्या, मोजक्या, पाण्याची पातळी राखून आणि निधीचा पहिला वाटा बाजूस काढून चालाव्यात. ट्रकवाल्याला कर्जाऐवजी ठरलेल्या भाड्याचा लेखी करार मिळावा. एवढे जरी झाले तरी भाव उतरेल तेव्हा घरे उतरणार नाहीत.

केरीला मी मागच्या खेपेस मुद्दाम जाऊन आलो. केसरबाईंच्या घराच्या जागी आता त्यांच्या नावाची शाळा आहे. तेथून वर पठारावर गेलो. संध्याकाळ होत आली होती. खाली कुळागरांतून पाटाचा आवाज येत होता. एका बागायतदाराने चहा दिला. कारखाना आला असता तर तुमच्या मुलाला नोकरी मिळाली असती ना, असे मी विचारले. ते म्हणाले, “मिळाली असती. आता तो बंगळुरात आहे. सुपारी काढायला माणूस मिळत नाही.” मग सुपारीच्या भावाबद्दल बोलू लागले, बाहेरून स्वस्त सुपारी आली की तोही पडतो. पुढे त्यांनी पाटाचे पाणी पिऊन पाहावयास सांगितले. मी प्यालो.

तानपुरेवाले यंदाही वर्गाला येऊन बसले. त्यांचा उरलेला एक ट्रक आता वाळू-चिऱ्यांच्या वाहतुकीस असतो. डिचोलीकडे काम निघाले आहे, नवा ट्रक घेणार का, असे कोणीतरी विचारले तेव्हा ते हसले. दुसऱ्याचा चालवीन, म्हणाले. तानपुऱ्याच्या तारा जीर्ण झाल्या होत्या, म्हणून मी मिरजेहून नव्या नेल्या. त्यांचे पैसे कोणी द्यावयाचे यावर आमची थोडी ओढाताण झाली. शेवटी मुलांनीच वर्गणी काढली.